पहिल्या डावातला तिसरा गडी

हार्लन्स फेरी गावाच्या युनियन हॉलमध्ये शनिवारी शिध्याची खोकी भरली जायची, तेव्हा लांब टेबलाच्या मधोमध व्हर्ना सेडलाक उभी असायची. ती जागा तिला कुणी दिली नव्हती. तिने ती घेतली होती. पोलादाच्या कारखान्यात ती क्रेनवर होती. वितळलेल्या पोलादाची बादली माणसांच्या डोक्यावरून नेताना तिचा हात कधी थरथरला नाही, आणि खाली उभ्या साहेबाला शिवी घालताना जीभही कधी अडखळली नाही. त्या शिडीवर चढणारी पहिली बाई म्हणून पुरुषांनी तिला किती छळलं ते निराळं. ती चढली. मग सगळे तिला क्रेनवाली म्हणायला लागले, आधी टोमणा म्हणून आणि नंतर नाव म्हणून.

कंपनीने भट्ट्या विझवल्या तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती आणि नवरा आधीच गेलेला होता. गावातल्या लोकांनी दारू धरली, चर्च धरलं, कुणी टेक्सासची वाट धरली. हिने हॉलची किल्ली धरली. सरकारी गोदामातून चीजच्या विटा भांडून आणल्या, दुकानदारांच्या दारात बसून त्यांच्याकडून सूपचे डबे उकळले, आणि भिंतीवर खडूने लिहून टाकलं : नाव सांगा, घरची माणसं सांगा, खोकं घ्या. कुणी मान खाली घालून पुढे आलं की ती कमरेवर हात ठेवायची.

"मान वर कर. भीक असती तर मी वाटली असती का? तुझ्या घामाचं आहे, घे आणि चालू पड."

अशा बोलण्याने माणसं रांगेत ताठ उभी राहायची. मान वाकवून जगायचं नाही ही गोष्ट आमच्या गावाला तिने शिकवली, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते तिच्याच हातून व्हावं याची चीड येते.

भट्ट्या बंद झाल्यावर सरकारने उपकार केल्यासारखा एक वर्ग काढला. ज्या हातांनी जन्मभर भट्टीत फावडी मारली, त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. मास्तर म्हणाला, उद्याचं काम यातच आहे. वर्ग संपला, मास्तर गेला, उद्याचं काम काही आलं नाही. मागे राहिले ते टीव्हीला जोडायचे चपटे कॉम्प्युटर, ते ज्याचे त्याला पडत्या भावात मिळाले, आणि एक फ्लॉपी. तिच्यावर बेसबॉलचा खेळ होता. तिच्या प्रती सगळ्यांनी काढून घेतल्या.

खेळ म्हणजे काय, हिरव्या पडद्यावर चौकोनी डोक्यांचे नऊ गडी आणि चेंडू म्हणून एक ठिपका. तुम्ही हुकूम द्यायचे, बाकी नशीब मशीनचं. पण संघ स्वतः भरता यायचा. नाव टाका, हा किती जोरात मारतो, किती पळतो ते टाका, झाला खेळाडू तयार. टीव्हीवर दिसणाऱ्या नामवंतांना हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. ज्याने त्याने आपल्या पाळीची माणसं भरली. व्हर्नाने चेंडू टाकायला आपला मेलेला नवरा घेतला, ज्याला हयातीत पत्त्याचा गठ्ठासुद्धा नीट पलीकडे टाकता आला नव्हता. आणि क्लेम डुबिकने तिसऱ्या क्रमांकावर आपला धाकटा भाऊ ऑगी ठेवला. ऑगी दोन नंबरच्या भट्टीवर जिवानिशी गेला. तो गेला त्या दिवशी क्लेम त्याच पाळीवर होता, एवढंच सांगतो. जास्त कुणी बोलत नाही.

अर्धी माणसं गाव सोडून गेली होती, म्हणून लीग पोस्टाने चालायची. पाहुण्या संघाचा मालक आपल्या सूचना चिठ्ठीत धाडायचा, कुणाला कधी बदलायचं, कधी चोरून पळायचं. यजमान आपल्या घरी एकटा बसून दोन्ही संघ खेळवायचा आणि रेडिओवर सांगतात तसं सगळं टेपवर बोलायचा. ती कॅसेट हॉलमध्ये यायची. शनिवारी खोकी भरता भरता आम्ही ती ऐकायचो, मग ती ह्यूस्टनला नाही तर नॉरफोकला, जिथे पाहुणा राहत असेल तिथे रवाना व्हायची. यजमानाच्या घरात बघायला कुणी नसायचं. माणसाच्या शब्दावर लीग उभी होती. व्हर्ना अध्यक्ष होती आणि त्या शब्दाला ती वेदीवरच्या मेणबत्तीसारखं जपायची.

क्लेमचा आवाज टेपवर फार चांगला यायचा. एरवी तो दहा वेळा विचारल्यावर एकदा बोलणारा, पण खेळ सांगताना शांत, सावकाश, जणू समोर खरंच गवत आहे. त्याच्या संघाची एक गंमत होती. बाहेर मार खायचा आणि घरच्या मैदानावर सहसा हरायचा नाही. ऑगी तर घरी पहिल्याच डावात चेंडू भिंतीपलीकडे मारायचा. टेपवर ते आलं की अख्खा हॉल हातातले डबे टेबलावर आपटून ओरडायचा, "ऑगी!" क्लेम रांगेत उभा असला तर बुटांकडे बघून हसायचा.

मग जूनमधला तो शनिवार आला. क्लेमची टेप लागली होती. पाहुणा ह्यूस्टनचा लॉन मारेट्टी, जो इथे रोलिंग विभागात होता आणि आता तिकडे छपरं घालतो. टेपवर क्लेम सांगत होता, "पहिला गडी. तिसरा स्ट्राइक, नुसता उभा बघत राहिला, आऊट. दुसरा गडी चार वाईट चेंडूंवर फुकट पहिल्या तळावर. तिसऱ्याने जमिनीलगत मारला, आणि एका फटक्यात दोघे आऊट."

व्हर्नाच्या हातातलं पीठ थांबलं. "हे मी ऐकलंय."

"बेसबॉल आहे, बाई," ऑटिस पेटिफर्ड म्हणाला. ऑटिस हॉलचा खजिनदार, झाडूवाला आणि विदूषक, सगळं एकच. "फार तर चार गोष्टी घडतात त्यात."

"माझ्या संघाचं त्याच्या घरी असंच झालं होतं. पहिला उभा, दुसरा फुकट, तिसऱ्यावर दोघे."

ऑटिस डोकं खाजवायला लागला. "आता म्हणतेस तर… माझंही तसंच झालं होतं वाटतं."

तोवर टेपवर क्लेमचा डाव सुरू झाला होता. पहिल्याने दुसऱ्या तळावरून टोलवला, दुसऱ्याचा डावीकडे उंच झेल, आणि ऑगी. उंच, आणखी उंच, गेला. सवयीने डबे आपटले गेले. व्हर्नाने टेप बंद केली. कॅसेटच्या खोक्यातून तिच्या आणि ऑटिसच्या सामन्यांच्या, गावातच राहिलेल्या जुन्या दोन टेप काढल्या आणि लावल्या. आवाज तोच, उभा, फुकट, दोघे, टोला, झेल, ऑगी. हॉलमध्ये डबा आपटायची कुणाची हिंमत झाली नाही.

क्लेम रांगेतच होता, बायको रोझेला बाजूला. खोकं त्यांच्या हातात नुकतंच दिलेलं.

"क्लेम, इकडे ये. तू मशीन लावतोस, की नुसतीच टेप भरतोस?"

"लावतो की. फ्लॉपी घालतो, खेळतो."

"मग दर वेळी तेच कसं?"

"ते मलाही कळत नाही." त्याने बुटांकडे पाहिलं. "मला वाटलं, घरचं मैदान आहे. ऑगीला घरी खेळायला आवडायचं."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. ते हसणं व्हर्नाला लागलं, आपल्यालाच मूर्ख बनवलंय असं तिला वाटलं, आणि तिची जीभ सुटली.

"मेलेल्या भावाच्या नावावर खोटे होम रन मारतोस? तेही आमच्याकडून टाळ्या घ्यायला? आज टेपवर खोटं सांगतोस, उद्या रांगेत खोटी माणसं सांगशील. मी कुणाकुणावर नजर ठेवू?"

क्लेमने खोकं टेबलावर परत ठेवलं. आपटलं नाही. चीजची वीट घसरून कडेला आली होती ती नीट आत सरकवली आणि बाहेर गेला. रोझेला क्षणभर उभी राहिली. तिने व्हर्नाकडे असं पाहिलं, जसं बस गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो. मग तीही गेली.

त्याला लीगमधून काढायला हात वर झाले. पहिला हात व्हर्नाचा होता. ऑटिसने अर्धाच वर केला आणि नंतर म्हणाला की काखेत खाज सुटली होती.

पुढच्या शनिवारी डुबिक आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. कुणी विषय काढला तर व्हर्ना म्हणायची, "खोट्या माणसाला लाज वाटते, हे चांगलं लक्षण आहे." वरचं बटण लावून, मान ताठ ठेवून म्हणायची.

एका रविवारी दुपारी तिच्या घरी लॉन मारेट्टीशी सामना होता. त्या दिवशी चर्चच्या जेवणासाठी तिने पडदे धुतले होते आणि इस्त्री करत होती. कॉम्प्युटर सकाळपासून चालू, कारण सामन्याआधी सराव करायची लीगमध्ये सगळ्यांनाच खोड होती. इस्त्री, पंखा आणि टीव्ही एका तारेवर, त्यात फ्यूज उडाला. ती चरफडत तळघरात गेली, फ्यूज बदलला, वर आली. मशीन कोरं होऊन बसलं होतं. सराव पुन्हा कोण करत बसणार? तिने फ्लॉपी घातली, टेप चालू केली आणि थेट सामना लावला.

"पहिला गडी मैदानात," ती टेपवर म्हणाली. "तिसरा स्ट्राइक, नुसता बघत राहिला."

दुसरा गडी फुकट पहिल्या तळावर गेला. तिसऱ्याने जमिनीलगत मारला, दोघे आऊट. तिचा आवाज बारीक झाला तो तिला स्वतःलाच ऐकू आला. मग तिचा डाव आला. पहिल्याचा टोला, दुसऱ्याचा डावीकडे उंच झेल. तिसऱ्या क्रमांकावर तिच्याकडे कोण होता? फ्रँक बुर्दा, टोला मारायला अगदीच कच्चा, ज्याला तिने दया म्हणून संघात ठेवलं होतं. ठिपका उडायच्या आत तिच्या तोंडून निघालं, "गेला." मग पडद्यावर तो गेला.

तिने खेळ थांबवला नाही. मशीनची वायर भिंतीतून उपटली. परत लावली. फ्लॉपी परत घातली. उभा, फुकट, दोघे. टोला, झेल, बुर्दा, भिंतीपलीकडे. पुन्हा उपटली, पुन्हा लावली. मशीनला बंद करून जागं केलं की त्याच्या पोटात तीच एक गोष्ट तयार असायची. ज्यांनी सकाळपासून चालू ठेवलं त्यांना पुढची पानं मिळायची. ज्याने नुकतंच जागं केलं त्याला दर वेळी पहिलं पान मिळायचं.

आणि क्लेमच्या घरात टीव्ही एकच, हे तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. रोझेलाच्या आईच्या मालिका संपल्याशिवाय त्याला टीव्ही मिळायचा नाही आणि सामना संपताच म्हातारी परत मागायची. त्याने मशीन सामन्यापुरतंच लावलं, दर वेळी. फसवलं म्हणायला तो कधी दोन मिनिटं आधीसुद्धा बसला नव्हता.

टेप अजून फिरत होती. तिने ती थांबवली, मागे घेतली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. एक बोट दाबायची खोटी, की हे कुणालाच कळणार नव्हतं. मारेट्टीचा सामना सरावानंतर पुन्हा खेळता आला असता. तिने बटण दाबलं नाही, पण त्यात तिचं फार मोठेपण नाही. तिने कॅसेट साखरेच्या डब्यामागे सरकवली आणि पडदे इस्त्री करायला घेतले. एका पडद्याला डाग पडला.

मग तिने जे केलं ते मला सगळ्यात जास्त खुपतं. तिने खरं सांगितलं नाही, खोकं धाडलं. शनिवारी रांग संपल्यावर डुबिकांसाठी खोकं भरलं, त्यात चीजच्या दोन विटा, बटर, आणि स्वतःच्या घरी केलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या पिएरोगींचा डबा घातला.

"ऑटिस, एवढं क्लेमकडे टाकून ये."

"कुणाकडून सांगू?"

"हॉलकडून सांग."

"क्रेनवाली, हॉलला पिएरोगी करता येत नाहीत," ऑटिस म्हणाला, पण गेला. अर्ध्या तासात परत आला, खोकं तसंच, डबाही न उघडलेला. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि टोपी काढली.

"रोझेला म्हणाली, क्रेनवालीला सांग की आमच्या घरी खोटी माणसं राहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी खोकंही लागत नाही."

"बाकी काही?"

"बाकी दार लावायचा आवाज. तुझ्या तोंडावर काय चाललंय? तुला काही सांगायचंय का?"

"मला काय सांगायचंय? जा, झाडून घे."

तो झाडायला गेला. पाठमोरा म्हणाला, "माझ्या काखेतली खाज अजून गेलेली नाही. तुझी?"

पुढचा अख्खा आठवडा ती लोकांना टाळत राहिली. साहेबाच्या तोंडावर बोलणारी ती बाई दुकानात डुबिकांची शेजारीण दिसली की दुसऱ्या रांगेत शिरायची. शेवटी एका संध्याकाळी तिने कॅसेट खिशात घातली आणि नदीकडच्या उतारावरून डुबिकांच्या घरी गेली.

रोझेला व्हरांड्यात तव्यावर मासा तळत होती. आत उकडतं म्हणून छोटी शेगडी बाहेर मांडली होती. क्लेम पायरीवर बसून गळ सोडवत होता. आत टीव्हीवर मालिका मोठ्याने चालली होती. व्हर्नाने मासा पाहिला आणि तिला पहिलं वाक्य विसरायला झालं.

"हा कुठला?"

"नदीतला," रोझेला म्हणाली. "मग काय दुकानातला?"

"अगं, त्या नदीतला मासा खाता? कारखान्याचं सगळं त्यात आहे. मी स्वतः त्याविरुद्ध सभा घेतली होती, तू आली होतीस."

"आले होते की. छान बोलली होतीस. तू नेहमीच छान बोलतेस." रोझेलाने मासा उलटला. "तुझ्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हा बरा. निदान तोंडावर खोटं बोलत नाही."

व्हर्ना उभीच होती. बस म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही, किंवा सुचलं असेल. तिने कॅसेट खिशातून काढली, पण आतल्या मालिकेच्या गोंगाटात ती ऐकू आली नसती, म्हणून तिला तोंडानेच सांगावं लागलं. फ्यूज, कोरं मशीन, उभा, फुकट, दोघे, टोला, झेल, बुर्दा. वाक्यं तुटत होती. सांगताना तिने एकदाही हात कमरेवर ठेवला नाही.

"तू काहीच केलं नव्हतंस, क्लेम. मशीनच तसं आहे. मी मूर्ख होते. नुसती मूर्ख असते तर ठीक होतं."

क्लेमने गळाच्या दोरीची एक गाठ सोडवली. "मला वाटायला लागलं होतं की मी केलंच असेल काहीतरी," तो म्हणाला. "टेपमध्ये काही गडबड केली आणि मलाच आठवत नाही. असंही होतं म्हणतात माणसाला. म्हणून मी ते मशीन गुंडाळून ठेवलं."

"नाही केलंस तू काही."

"म्हणजे ती जागा. तिसरी. तिथे कुणीही असता तरी टोला लागला असता?"

व्हर्नाला प्रश्न कळला आणि तिला पळून जावंसं वाटलं. खोटं बोलायची पहिल्यांदा मनापासून इच्छा झाली.

"हो," ती म्हणाली. "कुणीही."

"बुर्दासुद्धा."

"बुर्दासुद्धा."

क्लेमने मान डोलावली. "बुर्दाला साधं दार लोटता यायचं नाही," तो म्हणाला, आणि हसल्यासारखं केलं, आणि गळ पायरीवर ठेवून घरात गेला. आतली मालिका कुणी बंद केली नाही. त्याच्या नावावरचा खोटेपणाचा डाग काढायला ती आली होती, आणि त्याच हाताने तिने ऑगीही काढून घेतला होता.

रोझेलाने शेगडी विझवली. "झालं तुझं?"

"मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगते. टेप लावते. त्याला लीगमध्ये परत घेते."

"घेतेस? तू कोण घेणारी?" रोझेला पहिल्यांदाच तिच्या जवळ आली. "ऐक. सांग सगळ्यांना, सांगायलाच हवंस. पण तू त्या टेबलामागे उभी आहेस तोवर तो त्या रांगेत यायचा नाही. मी त्याला ओळखते. तो रागावणार नाही, भांडणार नाही, नुसता येणार नाही. आणि हिवाळ्यात नदी गोठते, व्हर्ना."

ते टेबल म्हणजे काय, हे रोझेलाला माहीत होतं. नवरा गेला, क्रेन गेली, तेव्हा व्हर्नाजवळ उभं राहायला जगात तेवढीच जागा उरली होती. म्हणूनच तिने नेमकं तेच मागितलं. मी तिला दोष देत नाही.

शनिवारी व्हर्नाने हॉलमध्ये टेप लावली. आधी तिचाच आवाज आला, दिमाखदार, "पहिला गडी मैदानात." मग तो बारीक झाला. मग वायर उपटल्याचा खट्ट आवाज, खुर्ची सरकल्याचा, पुन्हा उभा, फुकट, दोघे. दुसऱ्यांदा लोक हसले. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

"सकाळी उठला की माझा म्हातारा रोज एकच गोष्ट सांगायचा," ऑटिस हळू म्हणाला. "तो दिवसभर जागा राहिला तरच दुसरी निघायची."

व्हर्ना टेबलामागून बाहेर आली आणि लोकांच्या बाजूला उभी राहिली. "क्लेम डुबिक खोटं बोलला नाही. मी बोलले, तेही याच टेबलामागून, त्याच्या हातात खोकं असताना. आजपासून खोकी ऑटिस देईल."

"मी? मला बेरीज येत नाही!"

"नाव विचारायचं, माणसं विचारायची. तेवढं येतं तुला."

काही बायका नको नको म्हणाल्या. एकाने म्हटलं, एवढ्याशा खेळापायी? व्हर्ना मागच्या खोलीत गेली, जिथे रिकामी खोकी साठलेली असत, आणि ती पायाने चपटी करायला लागली. रद्दीवाल्याला तशी लागायची. ते काम आधी कुणीच करायचं नाही.

क्लेम त्या शनिवारी आला नाही. पुढच्याला रोझेला एकटी आली, नाव सांगितलं, खोकं घेतलं, आणि मागच्या दाराकडे पाहिलं नाही. ऑगस्ट सरला. एकदा व्हर्नाला खिडकीतून क्लेम रस्त्यापलीकडे उभा दिसला. हॉलच्या दाराकडे बघत होता, मग निघून गेला.

सप्टेंबरात एक दिवस ती खोकी तुडवत होती, तेव्हा बाहेरून आवाज आला. टेपवरचा नव्हे, खरा.

"डुबिक. क्लेमेंट. माणसं तीन."

"तीन काय, तुझी सासू दोघांचं खाते," ऑटिस म्हणाला. "हे घे. आणि खिशात काय आहे ते?"

"कॅसेट. नॉरफोकवाल्यांशी खेळलो. परत घेतलंय म्हणालास म्हणून." जरा थांबून त्याने विचारलं, "ती कुठाय?"

"मागे आहे. बोलावू?"

व्हर्नाचा पाय खोक्यावर तसाच राहिला. हॉलमध्ये कुणी डबा ठेवला, तो ठेवल्याचा आवाज झाला.

"नको," क्लेम म्हणाला. "टेप लाव."

टेप लागली. तोच शांत, सावकाश आवाज, गवत समोर असल्यासारखा. म्हातारीला कसं राजी केलं कोण जाणे, पण मशीन आधीपासून चालू ठेवलं होतं हे पहिल्याच चेंडूला कळलं. पाहुण्यांच्या पहिल्या गड्याने सरळ झेल दिला. दुसरा आऊट, तिसरा आऊट. मग क्लेमचा डाव. पहिला आऊट. दुसरा पहिल्या तळावर. हॉलमधली खोकी भरायची थांबली. सगळ्यांना माहीत होतं आता कोण येतो ते.

"तिसरा गडी, ऑगी डुबिक," टेपवर क्लेम म्हणाला. "पहिला स्ट्राइक. वाईट चेंडू. दुसरा स्ट्राइक." मागे कुठेतरी रोझेलाच्या आईचा खोकला ऐकू आला. "तिसरा स्ट्राइक. ऑगी आऊट."

डबे कुणी आपटले नाहीत. टेपवरच्या आवाजाने थांबून एक श्वास घेतला आणि पुढचा गडी सांगितला. मग बाहेर खऱ्या क्लेमने खोकं उचलल्याचं ऐकू आलं, त्याची पावलं दारापर्यंत गेली आणि दार लागलं. मागच्या खोलीत व्हर्ना खोक्यावर पाय ठेवून उभी होती, कारण आता पाय दाबला असता तर आवाज झाला असता.